वच्छलाबाईंचा चष्मा

मित्रांनो, मी वच्छलाबाईंचा जुना चष्मा आहे. माझी उजवी काच तडकलेली आहे. ती माझ्या चुकीने तडकलेली नाही. कुणी तडकवली, ते सांगतो.

अंबाजोगाईच्या बसस्थानकासमोरच्या दुकानात माझ्या काचा घासल्या गेल्या. घाटनांदूरच्या अर्जुनरावांनी मला गळ्यात अडकवायची दोरी लावून घेतली आणि बायकोसाठी नेले. वच्छलाबाई चौथी शिकलेल्या. माझ्यातून त्या ज्वारीतले खडे वेचत, नवऱ्याच्या गोळ्यांची पाकिटे वाचत, शेजारणींचे सरकारी कागदही वाचून देत. "चष्मा लावला की मास्तरीण दिसतीस," असे अर्जुनराव म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

एक गोष्ट मात्र राहून गेली. "माझ्या अन् आपल्या लेकीच्या, विजयमालाच्या नावावर काय, ते लिहून ठिवा," असे वच्छलाबाई सांगत. "बघू की, मी काय उद्या मरतोय?" म्हणून ते टाळत. मृत्युपत्र न करताच एका दुपारी ते गेले.

तेराव्यानंतर मुलगा तानाजी आईला 'म्हातारे' म्हणू लागला. बहीण विजयमाला आली की दारातच विचारी, "कावून आलीस? वाटा मागायला?"

एके सकाळी "वारसाची नोंद करायचीय" म्हणून त्याने आईला गाडीवर बसवले. त्याआधी कोनाड्यातून मला उचलून गुपचूप खिशात टाकले होते. मित्रांनो, चष्म्याला ओरडता येत नाही.

नोंदणी कार्यालयात तो म्हणाला, "अंगठा लाव."

"अंगठा कावून? मला सही येती. माझा चष्मा कुठं हाय?"

"घरी राह्यला. लाव गुमान!"

टेबलामागच्या अधिकारी बाईंनी विचारले, "आजी, कागदात काय लिहिलंय, ठाऊक आहे का?"

"न्हाई. चष्म्याबिगर दिसत न्हाई."

"मग मुलाच्या खिशातून दोरी लोंबतेय, ती कशाची?"

तानाजीचा चेहरा उतरला. वच्छलाबाईंनी दोरी ओढून मला काढले, डोळ्यांवर चढवले आणि मोठ्याने वाचले, "हक्कसोडपत्र. मी माझा संपूर्ण हक्क राजीखुशीने सोडत आहे." त्यांनी कागद परत सारला. "राजीखुशी ह्याची हाय, माझी न्हाई."

बाहेर येताच तानाजीने मला हिसकून फरशीवर आपटले. "आजपासून तू माझी आई न्हाईस!"

वच्छलाबाईंनी मला वेचून पदरात घेतले. "नसंना. वारस तर हाय."

पुढे विजयमालाला सोबत घेऊन त्यांनी स्वतः अर्ज केला. सातबाऱ्यावर तिघांची नावे लागली. घरात आता दोन चुली आहेत. तानाजी समोरून आला तरी मान फिरवतो. वच्छलाबाईंनी आपल्या वाट्याचे मृत्युपत्रही दोन साक्षीदारांसमोर करून ठेवले. त्यात तानाजीचे नाव आहे की नाही, हे मी वाचले आहे. सांगणार नाही.

मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांना हयातीतच लिहून ठेवायला सांगा. पण त्यांच्यापुढे कागद सरकवण्याआधी त्यांचा चष्मा त्यांच्या हातात द्या. तेवढेही होत नसेल, तर त्यांना आई, बाबा म्हणू नका.