नमुना खोली

लोकांच्या डोक्यावर छप्पर घालायचं म्हणून ती इंजिनियर झाली, आणि पहिल्याच मोठ्या कामात तिला स्वतःच्या आत्याच्या डोक्यावरचं छप्पर काढावं लागलं. विद्यापीठाची जुनी बैठी इमारत पाडून तिथे सहा मजली नवी उभी करायची, हे काम तिच्या कंपनीला मिळालं आणि साइटवर नेमलं गेलं तिलाच. आत्या त्या जुन्या इमारतीत गणित शिकवायची. नोकरीला लागल्यापासून तिची जागा एकच, ती म्हणजे सगळ्या प्राध्यापकांच्या मोठ्या खोलीत, दोन लोखंडी कपाटांच्या आड. शंका विचारायला आलेल्या मुलांनी कपाटाला टेकून उभं राहायचं, आणि कुणाला कपाटातलं काही हवं असलं की मुलांनी बाजूला व्हायचं. अर्धं गणित असं कवायतीतच जायचं.

भाची शिकायला म्हणून आत्याकडे आली होती आणि मग तिथेच राहिली. आत्याने लग्न केलं नव्हतं. घरात दोघीच, त्यामुळे भांडायलाही दोघीच आणि समजूत काढायलाही दोघीच. जुनी इमारत पाडायच्या आदल्या दिवशी जेवताना भाचीने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "आत्या, तुला तुझी स्वतःची खोली बांधून देते. दारावर तुझ्या नावाची पाटी असेल."

"कपाटांचं काय करणार?" आत्याने विचारलं होतं. "मला त्यांच्याशिवाय करमायचं नाही."

आता असं काही बोलून बसलं की नेमकं घोडं अडतं. पाया खणताना पाणी लागलं. उपसावं तेवढं पुन्हा भरे. पाणी आवरलं तर लोखंड वेळेवर येईना. महिने हातचे गेले आणि एक दिवस भाचीच्या लक्षात आलं की इमारत पुरी होण्याआधीच आत्या निवृत्त होणार. हे सत्र तिचं शेवटचं. कपाटांचा आडोसाही गेला होता, आता तिला दुसऱ्या विभागाच्या जिन्याखाली एक टेबल मिळालं होतं. वरून कुणी धावत गेलं की टेबलावर धूळ पडायची. आत्या एका शब्दाने तक्रार करत नव्हती, आणि तेच भाचीला जास्त लागत होतं. दिलेला शब्द तिच्या घशात हाडासारखा अडकला होता.

अशात नमुना खोलीचं काम निघालं. मोठ्या इमारतीत एकसारख्या खोल्या ढिगाने असल्या की आधी एक खोली जमिनीवर बांधून बघायची पद्धत असते. दार, खिडकी, दिवा, पंखा, फळा, फरशी, सगळं खरंखुरं. साहेब लोक येतात, बघतात, नाकं मुरडतात, चुका दुरुस्त होतात आणि मग तशाच बाकीच्या खोल्या बांधायच्या. नमुना खोली मात्र पाडून टाकायची. ही खोली उभी राहिली साइटच्या फाटकाशेजारी, दार थेट रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पाहुण्यांना चिखल तुडवायला नको.

शेवटी पाटीवाला आला. पाटीचा नमुना लावायचा, पण नाव काय घालू, असं विचारू लागला. भाची तेव्हा फोनवर सिमेंटवाल्याशी भांडत होती. तिने क्षणभर विचार केला आणि आत्याचं पूर्ण नाव सांगितलं, पुढे 'प्राध्यापक' लावून. कुणाचं तरी नाव घालायचंच तर हिचंच का नको? निदान नमुन्यात तरी शब्द खरा होईल. पाटी लागली, छान दिसली, आणि भाची फरशीच्या कारखान्यात माल तपासायला परगावी निघून गेली.

परत आली ती थेट साइटवर, आणि फाटकाशी येऊन थबकली. नमुना खोलीच्या खिडकीला घरचा निळा पडदा लागला होता. बाहेर मुलामुलींची रांग होती. आतून आत्याचा आवाज येत होता, "अरे, चिन्ह कुठे गेलं तुझं? वाटेत सांडलं का?"

भाची तशीच मागे वळली. तिने मुकादमाला गाठलं. हा पांढऱ्या मिशांचा माणूस, सबंध साइटला धाकात ठेवणारा.

"मुकादमकाका, हे काय आहे?"

"मला काय विचारता, मॅडम," मुकादम म्हणाला. "बाई आल्या, दारावरचं नाव वाचलं, आणि बराच वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, किल्ली द्या. नाव त्यांचं, खोली त्यांची. नाही कसं म्हणू? वर आमच्याच पोरांनी पुस्तकं उचलून आणली. ती लोखंडी कपाटंसुद्धा."

"दोन्ही?"

"दोन्ही. बाई म्हणाल्या, सवयीची आहेत."

भाचीने कपाळावर हात मारला. पाटी तिनेच लावली होती, दोष द्यायचा कुणाला? आत जाऊन सांगून टाकावं, म्हणून ती रांगेला वळसा घालून दारात गेली. आत्या खुर्चीवर बसली होती, बोटं खडूने पांढरी, चेहरा असा फुललेला की भाचीने तो कधी तसा पाहिलाच नव्हता.

"आलीस का? ये, बघ," आत्या म्हणाली. "मला सांगायचं तरी! पाटी बघितली आणि मला रडूच आलं, रस्त्यावर, चारचौघांत. वेडी आहेस तू."

झालं. भाची मूग गिळून बसली.

पुढचे दिवस मजेचे गेले आणि त्रासाचेही. आत्या खुशीत होती, पण खुशीत असली म्हणून नावं ठेवायची सोडेल ती आत्या कसली? रोज जेवताना तिचं एकच चालायचं.

"तुमचं दार आत उघडतं. आत बसलेल्या पोराच्या गुडघ्यावर रोज आपटतं. आज तर एकाने गुडघ्याला रुमाल बांधून घेतला."

दुसऱ्या दिवशी भाचीने सुतार बोलावला आणि दार उलट्या बाजूला फिरवून घेतलं.

"दुपारी फळ्यावर ऊन येतं. पांढरं लिहिलेलं दिसत नाही. मी एक लिहिते, पोरं दुसरंच उतरवून घेतात."

फळा समोरच्या भिंतीवर गेला.

"आणि बाहेर उभं राहून पोरांचे पाय मोडतात. गणित अडलेल्या माणसाला आधी बसायला द्यावं, बये. निम्मी अडचण तिथेच सुटते."

दाराबाहेर भिंतीत एक बाक बसला. मुकादमाने तो स्वतः घासून गुळगुळीत केला, आणि कामगार दुपारी तिथेच डबे खाऊ लागले. शंका संपल्या की आत्याच त्यांच्यात जाऊन बसायची. साइटवर सगळे तिला आत्याच म्हणू लागले. भाचीला मॅडम आणि तिला आत्या, हे नातं मुकादमाने ठरवून टाकलं.

भाची रोज ठरवायची की आज सांगायचं. रोज आत्या काहीतरी नवीन काढायची आणि सांगणं राहून जायचं. खोटं बोलत नव्हती ती, पण खरंही सांगत नव्हती, आणि हे तिच्या जिवाला चांगलंच टोचत होतं.

मग एके सकाळी कंपनीचे मोठे साहेब आर्किटेक्टला घेऊन नमुना बघायला आले. कळवायची पद्धत त्यांच्यात नव्हती. भाची धावत पोचली तेव्हा दोघं दारात उभे होते आणि आत्या फळ्याशी.

"उशीर झालाय, मागे बसा," आत्या मागे न बघता म्हणाली.

आणि काय सांगू, मोठे साहेब बसले. आर्किटेक्टही बसला. बांधकामाच्या साइटवर ज्यांच्यापुढे कुणाचा आवाज चढत नाही ते साहेब, गुडघ्यावर हेल्मेट ठेवून, तास संपेपर्यंत हलले नाहीत. मध्ये एकदा आत्याने त्यांना उत्तर विचारलं. त्यांनी शेजारच्या मुलीच्या वहीत बघितलं.

बाहेर आल्यावर आर्किटेक्टने दार चार वेळा उघडलं आणि मिटलं. बाकावर बसून बघितलं. "नकाशात हे असं नव्हतं," तो म्हणाला. भाचीची पाचावर धारण बसली. "पण असंच हवं होतं. सगळ्या खोल्या अशाच करा."

"करा," मोठे साहेब म्हणाले, आणि मग भाचीला बाजूला घेऊन हळूच पुढचं बोलले. "खोली छान आहे. पण काँक्रीटच्या गाड्यांना वळायला हीच जागा लागणार, तुम्हाला माहीत आहे. शनिवारी पाडून टाका. तुमच्या बाईंना तुम्हीच सांगा. मला त्यांची भीती वाटते."

त्या संध्याकाळी आत्या ओट्याशी भाजी चिरत होती. भाचीने एक घोट पाणी प्यायलं, मग आणखी एक प्यायलं.

"आत्या, एक सांगायचंय. ती खोली तुझी नाही. म्हणजे कुणाचीच नाही. ती नुसती नमुन्याची आहे. पाटीवर कुणाचं तरी नाव घालायचं होतं, मी तुझं घातलं. आता शनिवारी ती पाडायची आहे." एका दमात बोलून टाकलं आणि वर बघायचं धाडस झालं नाही.

सुरी थांबली नाही. "मग पुस्तकं शुक्रवारीच काढायला हवीत," आत्या म्हणाली.

"तुला राग नाही आला?"

"अगं, मला काय वाटलं असेल? एकच खोली, ना खाली काही ना वर काही, शेजारी सिमेंटच्या गोण्या. जन्मभर गणित शिकवलं मी. सहा मजली इमारत एका खोलीची नसते, एवढं मला कळतं. पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारलं, तो बिचारा खोटं बोलताना मिशी चावत होता."

"मग राहिलीस कशाला?"

आता आत्याने सुरी खाली ठेवली. "दारावर माझं नाव होतं म्हणून. उभ्या आयुष्यात कधी कुठल्या दारावर नव्हतं. म्हटलं, जितके दिवस मिळतील तितके माझे. तू घाबरत घाबरत रोज गप्प बसत होतीस, तर मीही गप्प बसले. सांगितलं असतंस तर मला शहाण्यासारखं निघावं लागलं असतं."

भाची रडली. आत्यानेही डोळे पुसले आणि दोष कांद्यावर ढकलला, खरं तर ती दोडका चिरत होती.

शुक्रवारी मुलांनी पुस्तकं वाहून नेली, कामगारांनी कपाटं नेली. शनिवारी आत्या हेल्मेट घालून बघायला आली. पाडकामाच्या मशीनचा दात भिंतीला लागण्याआधी मुकादमाने मशीनवाल्याला थांबवलं, पाटीचे स्क्रू काढले, पाटी पँटला पुसली आणि आत्याच्या हातात दिली. मग खोली गेली. आत्या म्हणाली, "भिंत चांगली होती, पडायला वेळ घेतला," आणि भाचीची पाठ थोपटली.

सत्र संपलं, आत्या निवृत्त झाली. पाटी घरी ओट्यावरच्या खिळ्याला लागली. भाचीच्या मनातली बोच काही गेली नव्हती. शब्द दिला होता खोलीचा, आणि हाती आली पाटी. इमारत मात्र आता भराभर चढत होती. मधले मजले तयार व्हायला लागले तसं तिने एक दिवस आत्याला ओढून आणलं. "चल, दाखवते तरी."

दोघी जिना चढत होत्या तेवढ्यात वरून सुताराचा आवाज आला. तो मुकादमाला सांगत होता, "या मजल्यावरच्या सगळ्या आत्या झाल्या. वरच्या आत्यांना फक्त दारं राहिलीत."

आत्या पायरीवरच थांबली. "काय म्हणाला तो?"

भाची लाजली. "नकाशात या खोल्यांना काहीतरी नंबर आहे. पण साइटवर तो कुणी घेत नाही. मुकादमकाकांनी सुरू केलं. तुझ्या खोलीसारखी खोली, म्हणून आत्याची खोली. मग नुसतंच आत्या. आता मोठे साहेबसुद्धा मीटिंगमध्ये विचारतात, किती आत्या झाल्या."

वर लांबच लांब कॉरिडॉर होता. दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक दार बाहेर उघडणारं, प्रत्येक दाराशी भिंतीत एक बाक, आत उन्हाच्या वाटेतून सरकवलेला फळा. पाट्या अजून लागायच्या होत्या. आत्या पहिल्या बाकावर बसली, आणि त्याच्या कडेवरून हात फिरवत राहिली. भाची उभी राहिली, मग तिच्या शेजारी बसली.

"मला एक पुरली असती गं," आत्या शेवटी म्हणाली. आवाज भरून आला होता आणि तिने तो लपवला नाही.

मग ती उठली. पदर खोचला, हेल्मेट सरळ केलं आणि एकेक दार उघडून मिटून बघत कॉरिडॉरभर चालत गेली. टोकाच्या आधीच्या दाराशी थांबली, ते पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, आणि वळून भाचीला हाक मारली.

"इकडे ये. ही आत्या खाली घासतेय. सुताराला बोलाव."