आठवड्याला एक पान

"हल्ली पट्ट्यासुद्धा सरळ बनवत नाहीत," बाबा म्हणाले. माझ्याशी नाही, पट्टीशीच. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत बसले होते, म्हणून कानावर पडलं. मग त्यांनी एक डोळा मिटून पट्टीच्या कडेवरून नजर फिरवली, "वाकडीच आहे," असा निकाल दिला आणि पट्टी खणात टाकली. महिन्याभरातली ही तिसरी. पहिली लाकडी, दुसरी प्लॅस्टिकची, आणि ही चक्क स्टीलची. स्टीलच्या पट्टीवर वाकडेपणाचा आळ घ्यायला माणसाला धाडसच लागतं. मी मटारांकडे बघत राहिले.

बाबा म्हणजे माझे सासरे. निवृत्त झाले त्या आठवड्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, दर शनिवारी सकाळी ते आमच्या इमारतीच्या खालच्या जिन्यात, पत्रपेट्यांच्या शेजारी, स्वतः तयार केलेलं शब्दकोडं चिकटवतात. एकच प्रत. बाजूला खिळ्याला दोरी, दोरीला पेन्सिल. येता-जाता ज्याला जो शब्द सुचेल त्यानं तो भरायचा. तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर खाली उतरताना दोन शब्द लिहून जातात, पियानो शिकवणारी बाई वर येताना त्यातला एक खोडते. दुपारपर्यंत कोडं सुटतं आणि दोघा-तिघांचं बोलणं तुटतं. ते रविवारी पुन्हा जुळतं, कारण पुढच्या शनिवारी कोडं असतंच.

बाबांचं घरातलं बोलणंही तसलंच. सरळ उत्तर द्यायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. "दोन अक्षरी, गरम, अजून आला नाही," असं ते बैठकीतून म्हणाले की चहा हवाय असं समजायचं. त्यावर सासूबाई स्वयंपाकघरातून सांगतात, "दोन अक्षरी, ज्याला हवा त्यानं उठून घ्यायचा." एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांना काय काय सांगितलं असेल ते त्या चौकोनांनाच ठाऊक.

चौकोनांवर बाबांचा फार जीव. आधी शिसपेन्सिलीनं, मग पट्टी धरून शाईनं रेघा, मग बारीक ब्रशनं काळे चौकोन. ते काळे कुळकुळीतच हवेत. करडा चौकोन म्हणजे त्यांच्या मते न धुतलेला चेहरा.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा हात कापायला लागला. गुडघ्यासाठी गेले होते तेव्हा डॉक्टरांनी हातही बघितले आणि बाबा चपला घालायला बाहेर गेल्यावर सासूबाईंना सांगितलं, की काळजीचं काही नाही, वयानं होतं असं काहींना, फक्त बारीक कामात त्रास होईल. सासूबाईंनी ते मला सांगितलं, मी नवऱ्याला, नवऱ्यानं लेकीला. हात ज्यांचा होता त्यांच्याजवळ मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि त्यांनीही नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्या पाटीवरची अक्षरं दिसत नाहीत हे कबूल करायला नको, म्हणून रांगेत बसल्या बसल्या ती पाठ करणारी माणसं मी रोज बघते. मला ती फार गोड वाटतात. पण घरी मी तेच करत होते. बाबांना पाटी पाठ करायला मदत करत होते, म्हणा ना. कप-बशा मीच माळ्यावर टाकल्या आणि "बशांना चिरा गेल्यात" असं सांगून सगळ्यांसाठी मोठे मग आणले. नवऱ्यानं त्यांना जडसं पेन आणलं, "सेलमध्ये होतं" म्हणाला. लेक त्यांच्या औषधांच्या गोळ्या पाकिटातून काढून ठेवते आणि वर "मला तो टकटक आवाज आवडतो, आजोबा" असं सांगते. खोटं बोलण्यात आमच्या घराचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग एका शनिवारी दाताचे डॉक्टर जिन्यात हसत हसत म्हणाले, "आज चौकोन नाचतायत की काय, काका?" माणूस वाईट नाही, रोज लोकांच्या तोंडात बघून बोलतो, त्यामुळे आपल्या तोंडाकडे लक्ष नसतं. बाबाही हसले. पण पुढच्या शनिवारी जिन्यातली भिंत रिकामी. त्याच्या पुढच्याही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "शब्द संपले." एकोणीस वर्षांत भिंतीवर कागदाच्या आकाराचा एक फिकट चौकोन उमटला होता, तो तेवढा दिसायचा, आणि दोरीला लोंबणारी पेन्सिल. लेक एकदा कॉलेजातून आली ती सांगत, की त्या फिकट चौकोनात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: 'कोडं कुठाय?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'आम्हीही तेच विचारतोय.'

बाबा मात्र शनिवारी सकाळी उगाच लवकर उठून, दाढी करून, कुठेच न जाता खुर्चीत बसायचे. ते बघवेना.

आमची सभा बाल्कनीत भरली, वाळत घातलेल्या चादरीआड. लेकीनं सांगितलं, लॅपटॉपवर चौकोन आखणं दोन मिनिटांचं काम आहे, शब्द आजोबा सांगतील, फक्त छापायला घरी प्रिंटर हवा. बाहेरून छापून आणणं जमणार नाही, कारण बाबा शनिवारी उजाडेपर्यंत सूचक शब्द बदलत असतात. नवरा म्हणाला, सरळ सांगू या त्यांना. सासूबाईंनी चिमटा तोंडातून काढून त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुन्हा लहान होऊन शाळेत गेला. "त्यांच्यासाठी आणतोय म्हटलं तर ते हात लावणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आपल्याला हवाय म्हणायचं. आणला की बसतील हळूहळू त्याच्याजवळ." ठरलं. प्रत्येकानं आपापलं कारण सांगायचं. कोणी काय सांगायचं हे ठरवायचं मात्र राहून गेलं.

रविवारी आम्ही चौघं निघालो, तर बाबा चपला घालून दारात. "पाय मोकळे करतो," म्हणाले. दोन्ही हात कोटाच्या खिशात. नाही कसं म्हणणार?

दुकान लांबट, दोन्ही भिंतींना प्रिंटर मांडलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडातून पोपटाचं रंगीत चित्र अर्धवट बाहेर आलेलं. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. एक चष्मा डोक्यावर, एक गळ्यात, आणि माझा अंदाज खरा असेल तर दोन्हींचा नंबर चुकीचा. पण प्रिंटर त्यांना तळहातावरच्या रेषांसारखे ठाऊक होते. कार्ट्रिजवाला घेताना स्वस्त, त्या म्हणाल्या, पण त्याची तहान भागवता भागवता माणूस मेटाकुटीला येतो. काळं जास्त छापणार असाल तर बघायलाच नको. लेझरला शाईऐवजी पूड असते. तो चार महिने नुसता ठेवला तरी रुसत नाही, पण किंमत जास्त. आणि हा टाकीवाला. शेजारी चार खिडक्या, त्यात चार रंग दिसतात. शाई संपत आली की बाटली उपडी करायची, भरली की आपोआप थांबते.

"सरबताचं दुकान दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना तो तिथंच आवडला.

"याला दोनच पथ्यं," मालकीणबाई म्हणाल्या. "ठेवायचा सपाट जागी, तिरका करायचा नाही. आणि वापरत राहायचा. आठवड्याला एक तरी पान छापा. नुसता ठेवलात तर शाई आत वाळून बसते, मग तो आणि मी दोघंही तुम्हाला शिव्या देऊ."

सपाट जागी म्हटल्याबरोबर माझ्या नवऱ्यानं खिशातून बोटभर पाणसळ काढली. तो लिफ्ट दुरुस्त करतो, पाणसळीशिवाय लग्नालाही जात नाही. ती त्यानं प्रिंटरवर ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येतो का ते न्याहाळू लागला.

"महिन्याला पानं किती निघतील?" मालकीणबाईंनी वही उघडली.

इथं आमची तयारी उघडी पडली. लेक म्हणाली, कॉलेजचे अहवाल असतात, तीनशे. नवरा बुडबुड्यावरची नजर न काढता म्हणाला, लिफ्टच्या तपासणीचे तक्ते, चारशे. मीही मागे हटले नाही, गिऱ्हाइकांना अक्षरांच्या पाट्या घरी न्यायला देणार आहे म्हटलं, दीडशे. राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, की बहिणीला पत्रं लिहायची आहेत, महिन्याला दोनशे पानं. बहीण त्यांची मागच्या गल्लीत राहते आणि रोज संध्याकाळी घरी येते.

मालकीणबाईंनी बेरीज केली, आम्हा सगळ्यांकडे जरा आदरानं बघितलं, आणि "मग तुम्हाला घरगुती चालणारच नाही" असं म्हणून आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथं कपाटाएवढं एक यंत्र उभं होतं. खाली चाकं, चार खण, आणि त्याच्या एका खणात आमच्या घरातल्या सगळ्या वह्या मावल्या असत्या. त्याला वेगळी वीजजोडणी लागते म्हणे. नवऱ्यानं टेप काढून रुंदी मोजली. "लिफ्टमध्ये बसेल," तो हळूच म्हणाला, "पण मग आपण जिन्यानं जायचं."

लेकीला हसू आवरेना, ती पाठ फिरवून उभी राहिली. सासूबाई त्या यंत्राकडे अशा बघत होत्या, जणू ते जेवायला राहणार आहे. आता मागे कसं फिरायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. खोटं एकट्याचं असलं तर माणूस मागे घेतो. चौघांचं असलं की ते सार्वजनिक होतं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. इतका वेळ ते दाराजवळ पोपट बघत उभे होते. "बाई," ते म्हणाले, "यातलं सगळ्यात काळं काळं कुणाचं?"

आम्ही चौघंही जागच्या जागी थबकलो. अहवालाला, तक्त्याला, बहिणीच्या पत्राला इतकं काळं कोणाला लागतं?

मालकीणबाईंना प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी दोन चष्म्यांतला एक डोळ्यावर घेतला. "छापूनच दाखवते की." त्यांच्यामागून आम्हीही पुढच्या खोलीत आलो. त्यांनी दोन पानांवर मोठे काळे चौकोन काढले, एक लेझरवर, एक टाकीवाल्यावर. पहिला चौकोन चकचकीत, आणि कडेला जरासा विरळ. दुसरा असा गडद, की बोट लावलं तर आत जाईल. लेकीनं माझा हात दाबला.

"बघा हातात घेऊन," मालकीणबाईंनी तो दुसरा कागद बाबांपुढे धरला.

हातात घ्यायचा म्हणजे हात खिशातून काढायला हवा होता. बाबांनी काढला. कागद घेतला. आणि कागद वाजायला लागला. बारीक, भरभर, वळचणीला पाखरू अडकावं तसा. एवढासा आवाज, पण भिंतीला जाऊन आदळत होता. नवऱ्यानं पाणसळीत डोकं घातलं. लेक पोपट मोजू लागली. मी पुढे होऊन कागदाचा दुसरा कोपरा धरणार होते, तोच सासूबाई म्हणाल्या, "अहो बाई, तुमचा तो पंखा फार जोरात आहे हो. जरा बंद करता का?"

मालकीणबाईंनी मान वर करून छताकडे बघितलं, मग बाबांकडे, मग सासूबाईंकडे. शहाणी बाई. उठली आणि बटण दाबलं. पंखा मंद झाला, गरगरत गरगरत थांबला. पाती मोजता येऊ लागली. तीन होती.

कागद वाजतच होता.

बाबांनी तो काही खाली ठेवला नाही. उजेडाकडे धरून काळ्या चौकोनाकडे बघत राहिले, एकदा पट्टीकडे बघितलं होतं तसंच, एक डोळा मिटून. चारही कडा बघून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत न दिसलेलं काहीतरी पसरलं. मला वाटलं, आता कोडं घालणार. अमुक अक्षरी, तमुक, आणि आम्ही उत्तर माहीत नसल्यासारखं करणार.

"पंख्याचा दोष नाही," बाबा म्हणाले, "आणि पट्ट्यांचाही नव्हता. माझा हात कापतो, बाई. रेघ सरळ येत नाही. ही चौघं तेवढ्यासाठीच आलीत, ते हजार पानांचं काही खरं नाही. आठवड्याला एकच पान लागेल, दर शनिवारी. हा टाकीवाला द्या. शाई वाळू देणार नाही मी."