झाकण उघडंच होतं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना आहे, मेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या मरणाची बातमी या घरात एकदा सोडून दोनदा जाहीर झाली आणि दोन्ही वेळा मी आतून ठणठणीत होतो. ज्याला तोंड नाही त्याला मेला म्हणणं फार सोपं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक पट्ट्यावरून मी सरकत आलो आणि हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडत नेलं. कुणी पंखा बसवला, कुणी बॅटरी. एकाने माझ्या डाव्या कडेला, जिथे टाइप करणाऱ्याचं मनगट टेकतं, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक पहारेकरी बसवला. माझ्या झाकणात लोहचुंबक आहे. झाकण मिटलं की चुंबक या पहारेकऱ्यापाशी येतं आणि तो ओरडतो, "झाकण बंद!" ते ऐकलं की मी झोपायचं, आणि मग कुणी कितीही बटण दाबलं तरी उठायचं नाही, असा मला हुकूम आहे. पहारेकरी इमानी, पण आंधळा. त्याला चुंबक कळतं, झाकण कळत नाही. त्याला लक्षात ठेवा. पुढे माझी अब्रू त्याच्यापायीच गेली.

पहिली काही वर्षं मी या घरातल्या मुलाकडे होतो. तेव्हा माझं कौतुक काय विचारता! येईल त्याला तो मला उघडून दाखवायचा. माझ्यावर त्याने अभ्यास केला, नोकरीचे अर्ज केले, बिस्किटं खाल्ली. बिस्किटांचा चुरा अजून माझ्या पोटात आहे. नोकरी लागली, नवा पातळ लॅपटॉप आला आणि मुलगा म्हणाला, "हा आईला पुरे." या घरात बऱ्याच वस्तू आईला पुरायच्या. जुना मोबाईल, काडी मोडलेली छत्री, पंखा नसलेली खोली.

आई म्हणजे आमच्या टायपिस्टबाई. उभा जन्म कचेरीत टाइपरायटरवर गेला. निवृत्तीनंतर त्या लोकांची हस्तलिखितं टाइप करून देत. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल, आणि टेबलावर मी. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसायच्या आणि म्हणायच्या, "गुणी आहे हो." नव्याकोऱ्या दिवसांतही मला असं कुणी म्हटलं नव्हतं. 

बाईंची एक सवय होती. एका हाताने धरल्याशिवाय दुसऱ्या हाताने काही करायचं नाही. टाइपरायटर सरकायचा ना! तेव्हा मला चालू करतानाही डावा हात माझ्या डाव्या कडेवर घट्ट, आणि मग उजव्या हाताने बटण. मी काही कुठे पळून जाणार नव्हतो, पण माझी तक्रार नव्हती.

मग मुलाने कडं आणलं.

"आई, मनगट दुखतं म्हणतेस ना? हे चुंबकाचं कडं. रक्त खेळतं राहतं याने."

"कोण म्हणतं?"

"खोक्यावर लिहिलंय."

मनगट दुखायचं तेवढंच दुखत राहिलं. पण मुलाने आठवणीने आणलेली आणि कुणाची जुनी नसलेली ती पहिलीच वस्तू, म्हणून बाईंनी ते डाव्या हातात घातलं आणि काढलंच नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. घरात कुणी ओळखलं नाही. टाइप करताना बाईंची मनगटं अधांतरी असत, तोवर सगळं ठीक. पण विचार करायला थांबल्या की डावं मनगट माझ्यावर टेकायचं, पहारेकरी ओरडायचा आणि मी झोपायचो. बाई दचकून बटण दाबायच्या. अर्थात डाव्या हाताने मला धरूनच. मी ढिम्म. माझ्या चार्जिंगच्या दिव्याने मी जमेल तेवढं ओरडत होतो. पण दिव्याचं ओरडणं ऐकतो कोण?

नेमकं तेव्हा एका म्हाताऱ्या सर्जनच्या आठवणींचं काम हातात होतं. त्यांचं अक्षर गावात दोघांनाच लागायचं, औषधवाल्याला आणि आमच्या बाईंना. छापखान्याची तारीख ठरलेली होती.

मुलाने मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने चार्जर बदलून पाहिला, बॅटरी काढून बटण दाबून धरलं, मेमरीची पट्टी खोडरबरने घासली, पंख्यातून उशीतल्या कापसाएवढी धूळ काढली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मी चालू झालो. पण मी आधीपासून चालूच होतो हे त्याला माहीत नसल्यामुळे त्याने मान हलवली. "मदरबोर्ड गेल्यात जमा आहे. आज आहे, उद्या नाही." ही माझ्या मरणाची पहिली बातमी.

घरी आलो आणि बाईंनी बटण दाबलं. मी ढिम्म. "संपला हा," मुलगा म्हणाला. ही दुसरी. बाईंनी हात बाजूला घेतले, तेव्हा जाता जाता त्याने एक बोट लावलं आणि मी झटकन जागा झालो.

मुलगा माझ्याकडे नाही, आईकडे बघू लागला. लॅपटॉप बिघडला असता तर एक वेळ परवडलं असतं.

"आई," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "तुला जमत नाहीये आता. यात लाज कसली? वय होतंच माणसाचं. सर्जनना दुसरं कुणी बघू दे. हे टेबल काढू, इथे ट्रेडमिल बसेल."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

मित्रांनो, मेलेला म्हणवून घेणं मी सोसलं. पण माझ्या मौनाचा पुरावा करून त्यांनी बाईंना निकालात काढावं, हे मला सहन होईना. त्या रात्री मी मुलाला पाहिजे ते सगळे अपडेट नाकारले. याहून मोठं बंड माझ्या हातात नव्हतं.

बाई रडल्या नाहीत. सकाळी मला पिशवीत घातलं आणि स्वतः दुकानात गेल्या.

"अहो मावशी, कालच तर केला," दुरुस्तीवाला म्हणाला. "हा बघा." त्याने बटण दाबलं, मी उठलो. बंद केलं. "आता तुम्ही."

बाईंनी डावा हात ठेवला, उजव्याने दाबलं. मी ढिम्म. तो डोकं खाजवू लागला.

"चला, म्हणजे मीच बिघडलेय," बाई म्हणाल्या आणि हात उचलला.

"मावशी, थांबा! माझा स्क्रू घेऊन कुठे चाललात?"

टेबलावर दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप उघडा पडला होता. त्याचा एक बारीक स्क्रू बाईंच्या कड्याला लोंबकळत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कचेरीत साहेबांची चूक सापडल्यावर बघायच्या, तशा.

"काय रे, याच्या झाकणात चुंबक असतं का?"

"असतं की. झाकण मिटलं हे कळायला..." तो बोलता बोलता थांबला.

बाईंनी कडं काढलं. बटण दाबलं. मी उठलो. कडं माझ्या डाव्या कडेवर ठेवलं. मी झोपलो.

"मी मदरबोर्ड म्हणालो होतो," दुरुस्तीवाला पुटपुटला.

"म्हणाला होतास," बाई म्हणाल्या.

घरी मुलगा मोजपट्टी घेऊन टेबलापाशी ओणवा झाला होता, सूनबाई आकडे लिहून घेत होत्या. बाईंनी मला जागेवर ठेवलं. "मोज नंतर. आधी हे कडं घाल बघू."

"मला कशाला?"

"रक्त खेळतं राहतं. घातलंस? आता डाव्या हाताने हा धर, सरकतो. आणि चालू करून दे."

मुलाने दाबलं. मी ढिम्म. पुन्हा दाबलं. बराच वेळ दाबून धरलं. घाम आला त्याला.

"दिवा तर लागलाय... परत गेला वाटतं हा."

"हात काढ. सूनबाई, तू दाब गं."

सूनबाईंनी करंगळीने दाबलं. मी लख्ख उजळलो. इतक्या वेगाने मी तरुणपणीही चालू झालो नव्हतो.

"बघ, तिला जमलं," बाई म्हणाल्या. "तुझं वय होत चाललं रे. लाज कसली त्यात? नोकरी दुसरं कुणी बघू दे."

सूनबाई हसता हसता मोजपट्टीवरच बसल्या. मुलाने कड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मीच आणलं होतं, नाही का?" एवढंच म्हणाला.

सर्जनच्या आठवणी वेळेवर छापखान्यात गेल्या. कडं फ्रिजच्या दाराला चिकटवलं आहे. रक्त नसलेल्या जागी ते छान काम करतं. ट्रेडमिल मुलाच्या खोलीत आली आणि तिच्यावर कपडे वाळत असतात. ती महिनोन्महिने चालू होत नाही, पण तिला कुणी मेली म्हणत नाही. नवी आहे ना!

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी हात जोडायचे असतात. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. बजावतो मात्र. आमची धूळ झाडा, चुरा सांडू नका. आणि यंत्र असो की माणूस, "आता याच्याने होत नाही" म्हणण्याआधी त्याच्या मनगटाशी काय बांधलंय ते बघा. कधी कधी ते तुम्हीच, मोठ्या मायेने आणून दिलेलं असतं.

आता आवरतो. नवं हस्तलिखित आलं आहे. एका शब्दापाशी बाई विचार करायला थांबल्या आहेत, आणि त्यांचं डावं मनगट माझ्या कडेवर टेकलं आहे.

मी टक्क जागा आहे.