उलट्या पडद्यापुढचा अभ्यास

"काकू, शिकवायचं नाही. पोरं अडली तरी नाही, ती आपली आपण शिकतील. मागे बसून फक्त कौतुक करायचं."

पोरांसाठी उघडलेली संगणकाची खोली माझ्या ताब्यात देताना ती चालवणाऱ्या ताईंनी एवढंच सांगितलं आणि त्या दुसऱ्या गावी तशीच खोली उघडायला गेल्या. खोली माझ्या इस्त्रीच्या दुकानामागेच. माझे रोजचे नेम तसे पुष्कळ. सकाळचा जप, दिवसभरात एकही कठोर शब्द नाही. त्यात हा एक वाढला. मला वाटलं, सोपा आहे.

पोरं नाना घरची. प्रत्येकाच्या घरची भाषा वेगळी, भांडणाची मात्र एकच. त्यांची पुढारी एक चुणचुणीत मुलगी. तिला सगळे वकिलीणबाई म्हणत. तिचा धाकटा भाऊ ढब्बू एकदा कीबोर्डवर बसला आणि पडद्यावरचं सगळं खाली डोकं वर पाय झालं.

"ऊठ रे!" वकिलीणबाई ओरडली. तो उठला. पडदा काही सुलटा होईना.

तो सरळ कसा करायचा ते मला ठाऊक होतं. भाच्याला करताना पाहिलं होतं. पण जीभ टाळ्याला चिकटवून बसले. पोरांनी नको नको ती बटणं दाबली, मग भलताच मार्ग काढला. बाकावर उताणं पडायचं, डोकं कडेवरून खाली सोडायचं आणि वाचायचं!

"अगंबाई, कसं सुचलं गं तुम्हाला?" मी म्हटलं. नेम तो नेम.

नेमके त्याच आठवड्यात संगणकाचं मशीन देणाऱ्या ऑफिसचे साहेब आले. पोरं काही शिकताना दिसली नाहीत तर मशीन उचलून नेणार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. दारातून त्यांना दिसली ती बाकावरून लोंबकळणारी लालबुंद डोकी.

"हे काय चाललंय?"

"अभ्यास," वकिलीणबाई खालूनच म्हणाली. "या ना, बसा. म्हणजे, लोंबकळा."

"अगं, पडदा उलटा आहे!"

"माहितेय. म्हणून तर आम्ही उलटे झालो."

साहेब माझ्याकडे वळले. "काकू, तुम्ही काही सांगत नाही यांना?"

"कौतुक करते," मी हळूच म्हणाले.

"कसला अभ्यास?"

"वटवाघळाचा," ढब्बू म्हणाला. "ते दिवसभर लोंबतं, तरी त्याला चक्कर येत नाही. आम्हाला येते. म्हणून शोधलं."

"दोन भाषांत वाचलं," वकिलीणबाईनं पुस्ती जोडली. "ते एवढंसं असतं, अंगात रक्तही थोडंच. डोक्यात साचत नाही. तुम्ही केवढे आहात! तुम्हाला तर लगेच चक्कर येईल."

हे साहेबांना लागलं. "मला? हॅट!" आणि ते खरंच बाकावर आडवे झाले. खिशातलं पेन पडलं, चष्मा कपाळावर गेला.

"येतेय का चक्कर?"

"छे!" साहेब जांभळे होत म्हणाले. "पुढचं पान दाखवा. अरे, पण एक बटण दाबलं की हे सगळं..."

"साहेब!" माझा आवाज चढलाच. एक कठोर शब्द अगदी ओठांवर आला होता. "शिकवायचं नाही."

साहेबांनी आवंढा गिळला, तोही उलटा. मग खुर्चीत टेकून, डोकं धरून म्हणाले, "मशीन राहील. पण ताई आता परत यायच्या नाहीत. खोली रोज उघडी पाहिजे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कोण बसेल?"

लोंबकळती डोकी माझ्याकडे वळली. उलट्या डोळ्यांनी गयावया केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"मी बसेन," मी म्हटलं. शब्द गेला तो गेला.

दुसऱ्याच दिवशी दुकानाला सुट्टी होती. जप आटोपला तरी घरातले सगळे गाढ झोपेत. मी खोलीची किल्ली कमरेला खोचली, पोरांच्या मानेखाली घालायला दोन उशा काखेत मारल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.