आईची हाक

माझं डोकं पटकन तापतं. लपवून काय उपयोग, सगळ्या नात्यागोत्यात त्याचा बोभाटा आहे. त्या सकाळीही ते तापलेलंच होतं. धाकटा भाऊ जेवायला येणार म्हणून आईने माळ्यावरचं खिम्याचं यंत्र काढायला लावलं होतं.

"अगं, खिमा आयता मिळतो," मी म्हटलं.

"त्यात काय काय घालतात देव जाणे. आयतोबा कुठली!" असं म्हणत ती खालचा स्क्रू टेबलाच्या कडेला आवळायला लागलीसुद्धा.

आईने बावीस वर्षं एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात हेच काम केलं. गेल्या वर्षी ती दोनदा गॅस बंद करायला विसरली, तेव्हा भावाने तिला शेगडीला हात लावायची बंदी केली. मग सुरीही गेली. राहिलं ते एवढं यंत्र. पात्याची सपाट बाजू जाळीकडे ठेवायची, तुकडे थंडगार हवेत, वरून लाकडी दांड्यानेच दाबायचं, बोटाने नाही, असं ती मला बजावत होती आणि चांगली खुशीत होती. मी यंत्राची दांडी फिरवत होते, ती मटणाचे तुकडे घालत होती. मला अजून कपडे धुवायचे होते, फरशी पुसायची होती.

मध्येच यंत्र जड झालं. आई म्हणाली, "हात!"

मला वाटलं, ही म्हणतेय, हात चालव. घाई मला आणि हुकूम हिचा! मी दात-ओठ खाऊन दांडी गर्रकन फिरवली.

ती किंचाळली नाही. "उलटं फिरव," एवढंच म्हणाली. मी उलटं फिरवलं.

मटणाची अडकलेली शीर ओढायला तिने दोन बोटं आत घातली होती. एक कसंबसं वाचलं. दुसऱ्याचं नख गेलं, टाके सात पडले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "एकटीच होते. फिरवलं मी आणि बोटही मीच घातलं." मी मूग गिळून बसले. देवा, किती सोपं गेलं ते!

घरी आल्यावर यंत्र साफ करायला घेतलं. पावाचे तुकडे फिरवून आतला खिमा बाहेर काढला, सगळं सुटं करून कढत पाण्यात टाकलं. पातं धुऊन ओलंच बाजूला ठेवलं.

"लगेच कोरडं कर, गंज चढतो," आई खुर्चीतून म्हणाली.

"आई, तू हात म्हणालीस ते काय होतं?"

"तिकडे आम्ही दोघी असायचो. घालणारी हात म्हणाली की फिरवणारीने दांडी सोडायची. तुला कधी सांगितलंच नाही ना. सवयीने निघून गेलं तोंडातून."

एवढ्यात भाऊ आला. डॉक्टरांना सांगितलं तेच आईने त्यालाही फोनवर सांगितलं होतं. पट्टी बघून त्याचा चेहरा उतरला. "गॅस झाला, आता हे. ताई, हिला एकटीला बसू कसं दिलंस? यंत्र आज मी घेऊन जातो. यापुढे हिने स्वयंपाकघरात यायचंच नाही."

आई चांगल्या हाताने पदराचं टोक चुरगाळत राहिली. तिच्याकडे बघवेना मला.

"यंत्र मी फिरवत होते," मी म्हटलं. "तिने थांब म्हणून सांगितलं होतं. मी चिडले आणि जोरात फिरवलं. तिची काही चूक नाही."

भाऊ आईकडे वळून म्हणाला, "असं होतं तर तू खोटं का बोललीस?"

आईने मान वर केली नाही. मी खोलीत नसल्यासारखी, हळू आवाजात, ती त्याला म्हणाली, "तिला आधीच सगळे तापट म्हणतात रे. त्यात आईचं बोट चिरडलं असं कुणी म्हणायला नको."