उजव्या हाताची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची, कागदाची नव्हे. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने माझी गोष्ट नाही वाचली तरी चालेल.

तापीकाठच्या प्रकाशा गावात, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जहीर शिंप्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. माझं सगळं आयुष्य तिथेच गेलं. पण जन्म मेरठचा. त्याच्याही आधी मी एका ट्रकच्या पाट्यातलं लोखंड होते. खड्ड्यांत आपटून आपटून तो पाटा मोडला, भंगारात गेला, भट्टीत तापला आणि घणाखाली आला. बाई, तुला कात्री व्हायचं आहे का, असं मला कुणीही विचारलं नाही. ठोकून दोन पाती केली, मधोमध खिळा बसवला, पितळी मुठी लावल्या, धार काढली. झाले कात्री.

जहीरच्या वडिलांनी मला नंदुरबारच्या बाजारातून आणलं. दुकानात त्यांचे नियम कडक होते. कात्रीने कागद कापायचा नाही. रिकामी कात्री वाजवायची नाही. आणि कात्री कधीही हातातून हातात द्यायची नाही. द्यायचीच झाली, तर खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. हातात दिली की दोघांचं भांडण होतं म्हणे. खरं तर ती वेळच यायची नाही, कारण दुकानात मला एकच माणूस हात लावायचा. आधी वडील, मग जहीर.

जहीरचा हात चांगला होता, पण डोळा हाताहून चांगला. गिऱ्हाईक उंबऱ्याशी चपला काढेपर्यंत त्याचं माप जहीरच्या डोळ्यात उतरलेलं असायचं. फीत लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एकाला कुबड, एकाचं पोट पुढे, एकाचा हात दुसऱ्यापेक्षा आखूड. अंग कुणाचंच सारखं नसतं. जहीर कुबड असलेल्याला कधी म्हणाला नाही, की आधी सरळ हो, मग शिवतो. तो कुबडाला जागा ठेवून कापायचा, आणि तो माणूस नवा सदरा घालून ताठ मानेने घरी जायचा.

गिरधर आबा हे आमचं जुनं गिऱ्हाईक. तापीकाठचा केळीवाला शेतकरी. अंगात कायम बंडी, आतल्या बाजूला खोल खिसा. ती बंडी जहीरनेच कापलेली असली पाहिजे. दुसऱ्या कुणी शिवली तर आबा ती बैलावर टाकीन म्हणायचा. माझं कौतुक व्हायचं ते असं.

जहीरची बायको साबिरा मागच्या खोलीत बसून काजं करायची, गुंड्या लावायची, हातशिलाई घालायची. बावीस वर्षं. या बावीस वर्षांत तिच्या बोटांना मी ठाऊक नव्हते. धागा तोडायला ती दात वापरायची. दुकानात दहा इंची कात्री असताना! नियम कुणासाठी असतो, ते बघून घ्या.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी कापड कापता कापता मी जहीरच्या हातातून सुटले आणि फरशीवर आपटले. माझं टोक शाबूत राहिलं. पण जहीरला मला उचलता येईना. लकवा. पाय महिन्याभरात बराचसा सुधारला. उजवा हात मात्र मांडीवर मेल्यासारखा पडून राहिला.

मग भेटायला येणाऱ्यांची रांग. आबाने स्वतःच्या शेतातली केळी आणली. सगळ्यांनीच काही ना काही आणलं, आणि प्रत्येकाने जाताना तोंडानेही काहीतरी दिलं. धीर धर. देवाची मर्जी. मन खंबीर ठेव. साबिराचा धाकटा भाऊ अझरुद्दीन सुरतेला असतो, तो फोनवर रोज व्हिडिओ पाठवायचा. कोट घातलेला एक माणूस व्यासपीठावर इकडून तिकडे फिरत ओरडायचा, ‘विचार बदला, जग बदलेल!’

जहीरने एकदा तो व्हिडिओ पाहिला आणि एवढंच म्हणाला, “उजवी बाही अर्धा इंच लांब आहे याची.” मग फोन पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मित्रांनो, मला या उपदेशाची चीड आहे, आणि मी ती लपवत नाही. ज्याचे दोन्ही हात चालतात त्याने हात गेलेल्याला ‘हसत राहा’ म्हणणं फार सोपं असतं. विचार बदलावा लागतो, हे मीही मान्य करते. पण तो ओरडण्याने बदलत नाही. कशाने बदलतो, ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

उन्हाळ्यात आबा परत आला. आता बगलेत कापड होतं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या जहीरला खाटेशी उभा राहून अहिराणीत म्हणाला, “काय रे जहीर, भीतसंगे सोयरीक कयी का? जवय देखो तवय तोंड तिकडेच!”

“आबा, मन्हा हात गया,” जहीर म्हणाला.

“माले माहीत शे. पन मन्ही नातनं, रुपानं लगीन शे. पंधरा दिवस ऱ्हायनात. दुसराना हातनी बंडी मी घालाव नही.” कापड खाटेवर टाकलं आणि आबा निघून गेला. काहीही समजावलं नाही.

जहीर उठून बसला. पाच महिन्यांनी दुकानाच्या मेजापाशी आला. जुन्या वहीतलं आबाचं माप काढलं आणि मला डाव्या हातात धरलं.

आता माझा गुन्हा ऐका. मी उजव्या हाताची कात्री आहे. उजवी मूठ आवळली की माझी पाती एकमेकींवर घट्ट दाबली जातात आणि कापड कापतं. डाव्या हाताने तीच मूठ आवळली, की पाती उलट फाकतात. कापड कापत नाही, मध्ये दुमडतं आणि चावल्यासारखं फाटतं. जहीर जन्मभर शिंपी, पण हे त्याला कधी कळायची गरजच पडली नव्हती. त्याला वाटलं, डावा हात नालायक. त्याने आणखी जोर लावला. मी आणखी फाकले. आबाच्या पांढऱ्या कापडाची चाळण झाली.

त्याने मला चिंध्यांच्या बोचक्यात फेकलं. कागद कापायचा नाही, रिकामी वाजवायची नाही, असं ज्याच्या घरात दोन पिढ्या पाळलं, त्याने फेकलं. मग अझरुद्दीनला फोन लावला. दुकानाची जागा मागणारा एक मोबाइलवाला अझरुद्दीनने शोधूनच ठेवला होता. जहीर म्हणाला, “शुक्रवारी ये. त्याला हो सांग. आम्ही दोघं तुझ्याकडे सुरतेला येतो.”

साबिरा दारात उभी राहून ऐकत होती. घरात ती दोघं खानदेशी वळणाची हिंदी बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगते. ती म्हणाली, “मला विचारलं?”

“तुला काय विचारायचं?”

“बरोबर. मला काय विचारायचं.” आणि ती आत जाऊन भांडी आपटायला लागली. सुरतेला भावाच्या दोन खोल्यांत जन्म काढायचा, हे तिलाही मंजूर नव्हतं. पण तिचंही माप कुणी घेतलं नव्हतं.

बुधवारी दुपारी आबा बंडी न्यायला आला. जहीर मान खाली घालून म्हणाला, “आबा, कापड बिघडी गयं.”

“बिघडू दे. दुसरं लई येसू.” आबा पाण्याचा पेला घ्यायला वाकला आणि सरळ झाला. तेवढ्यात जहीरची नजर वर गेली. सवय ती. लकव्याने काही सवय नेली नव्हती.

“आबा, तुन्हा डावा खांदा कवय उतरना?”

“फवारानी टाकी वाही वाही उतरना व्हई. का रे?”

“दीड बोट उतरना. जुना मापनी बंडी आते तुले बसाव नही. डावीकडे झोल पडी.”

“मंग काय, तुन्हासाठे खांदा वर करी देऊ? शे तसं काप ना!” आबाने पेला ठेवला आणि जहीरकडे रोखून पाहिलं. “आनि हात गया, हात गया म्हनी ऱ्हायना तू. मंग हाई दीड बोट कोनी मापं?”

जहीरने डाव्या हाताने पेला बाजूला सरकवला.

“शुक्रवारे येसू,” आबा म्हणाला आणि गेला. तासाभरात त्याने नवं कापड धाडलं.

जहीरने ते मेजावर पसरलं. बोचक्यातून मला त्याचा चेहरा दिसत होता. ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकाचं अंग आहे तसं मान्य करून कापड कापलं, तो पाच महिने स्वतःचं अंग मात्र जुन्या मापात कोंबत होता. ते माप आता नव्हतं. ते परत येईपर्यंत थांबायचं, की आहे त्या अंगाला बसेल असं काही कापायचं, एवढाच प्रश्न होता. जहीरने पहिल्यांदाच तो प्रश्न असा धरला.

“साबिरा,” त्याने हाक मारली, “कात्री कुठे आहे?”

तिने मला चिंध्यांतून काढलं. पाच महिने तेलाचा थेंब नव्हता, खिळ्यापाशी गंज धरला होता. तिने विटेची पूड लावून मला घासलं, शिवणयंत्राचं तेल पाजलं, दगडावर पात्यांना धार दिली. मग रिवाजाप्रमाणे मेजावर ठेवलं.

जहीरने डाव्या हाताने मला उचललं. पात्यांकडून धरलं आणि मूठ तिच्याकडे केली.

साबिरा मागे सरकली. “खाली ठेवा. भांडण होईल.”

“बावीस वर्षं हातात दिली नाही. कुठं टळलं?”

तिला हसू आलं. तिने हात पुढे केला आणि मला घेतलं. तिचा अंगठा माझ्या मुठीच्या कडीत सैल पडला. त्या कडीला जहीरच्या अंगठ्याचा खळगा पडलेला होता.

डाव्या हाताने जहीरने खडूच्या रेघा ओढल्या. साबिरा म्हणाली, “ही रेघ आहे की तापीचं पात्र?”

“डोळे कात्रीवर नको, रेघेवर ठेव. काप.”

ती कापायला लागली. सावकाश, पण एकसंध. मी तिच्या हातात दाबून चालत होते, फाकत नव्हते. बगलेच्या, म्हणजे मुंढ्याच्या गोलाईपाशी ती थांबली. “इथे बोटभर सोडून कापते. चुकलं तर पुन्हा कापता येईल.”

“सोडून कापणं शिकाऊचं काम! नेमकं काप!”

“ओरडायचं असेल तर स्वतः कापा.”

बोलून गेली आणि ओठ चावला. उस्ताद आता मला हिसकावून घेणार, असं मला वाटलं. त्याचा उजवा हात मांडीवर पडून होता. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग रेघेकडे. रेघ खरोखर वाकडी होती.

“सोडून काप,” तो म्हणाला.

शिवताना कळलं, खडूची रेघ मुंढ्यात अर्धं बोट आत गेली होती. साबिराने कापड सोडलं नसतं, तर दुसरी बंडीही वाया गेली असती. जहीरने ते पाहिलं आणि कबूलही केलं. मोठ्याने नाही, पण मी ऐकलं.

शुक्रवारी नमाजानंतर अझरुद्दीन किल्ली घ्यायला आला. तेव्हा आबा नवी बंडी घालून दुकानात उभा होता. डावीकडे झोल नव्हता. साबिरा मला घेऊन लोंबता धागा कापत होती, आणि जहीर स्टुलावर बसून सूचना देत होता.

“आपा, तू कात्री धरतेस?” अझरुद्दीन म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

आबाच मागे वळला. “लोक म्हनतीन बंडी झकास शे. तू बी एक शिवी ले.”

जहीर म्हणाला, “अझर, दुकान द्यायचं नाही. सुरतेत डाव्या हाताची कात्री मिळते का ते बघ. अशी कात्री असते म्हणे, इथं कुणी पाहिलेली नाही. आणि ते व्हिडिओ बंद कर. त्या माणसाला कोटाचं माप घ्यायला इकडे पाठव.”

अझरुद्दीनने किल्ली मागितली नाही. पुढच्या फेरीला कात्री घेऊन आला.

मित्रांनो, यापुढे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. जहीरचा उजवा हात अजून तसाच आहे. काम पूर्वीपेक्षा कमी होतं. काही गिऱ्हाइकं साबिराच्या हातात कात्री पाहून उंबऱ्यावरूनच वळली. वळू देत. नव्या कात्रीने जहीर रोज चिंध्या कापून हात बसवतो. आतापर्यंत त्या हाताने खिसे कापलेत, फक्त खिसे. माझ्या कडीला साबिराने चिंधी गुंडाळली आहे, तिचा अंगठा बसावा म्हणून. खळगा आत तसाच आहे. दोघं दिवसातून चार वेळा भांडतात, आणि रिवाज खरा ठरला म्हणून हसतात.

माझी मागणी थोडी आहे. कात्रीला तेल द्या. कापडाच्या कात्रीने कागद कापू नका. हातात काही चालेनासं झालं, तर हाताला शिव्या देण्याआधी ते हत्यार कोणत्या हातासाठी बनलं होतं, ते बघा. आणि कुणावर वाईट वेळ आली, तर ‘विचार बदल’ असं त्याच्या तोंडावर फेकून येऊ नका. त्याला जमेल असं एखादं काम घेऊन जा, आणि ते त्याच्याचकडून हवं आहे, असं सांगा.

आबाने केळी आणली, तेव्हा जहीर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. कापड आणलं, तेव्हा उठून बसला.