व्हर्नेलबाईंचं उठावदार नाव

मी नोटरीचा शिक्का बोलतोय. मला शाई लागत नाही. माझ्या लोखंडी जबड्यात कागद धरून मूठ आवळली, की त्यावर 'व्हर्नेल टिलरी, नोटरी' ही अक्षरं वर उठतात. सध्या मी शेरिफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत पुराव्याच्या पिशवीत आहे.

व्हर्नेलबाई अमेरिकेतल्या मिलबर्न गावात, आपल्या छोट्या दुकानात, लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून द्यायच्या आणि कागदावरची सही खरी असल्याची साक्ष म्हणून माझा ठसा मारायच्या. कोणीही आलं तरी आधी ओळखपत्र मागायच्या. शेजारचे वेंडेल एकदा चिडले.

"तीस वर्षं तुझ्या घराला घर लावून राहतोय, व्हर्नेल. मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखते. शिक्का ओळखत नाही. कार्ड काढ."

वेंडेल कुरकुरत घरी गेले, कार्ड घेऊन आले. मला तेव्हा फार अभिमान वाटला.

मार्चमध्ये बाई गेल्या. त्यांनी लहानाचा मोठा केलेला भाचा, रॉयस, दुकान आवरायला आला. नियमाप्रमाणे त्याने मला मोडून टाकायला हवं होतं. त्याने खिशात टाकलं.

त्याच सुमारास वेंडेल पडले, कमरेचं हाड मोडलं. ते कित्येक महिने शुश्रूषागृहात होते, घराची किल्ली विश्वासाने रॉयसकडे. जूनमध्ये रॉयसने त्यांची खोटी सही करून घर एका परक्या माणसाला विकल्याचा कागद केला. मला हातात घेतल्यावर तो थांबला.

"माफ कर, मावशी," म्हणाला, आणि त्याने मूठ आवळली.

मी ओरडू शकलो नाही. माझं कामच उमटणं.

आमच्या राज्यात नवा कायदा आला होता: घराचा कागद नोंदवताना दोन डॉलर जादा फी घ्यायची, त्यातून जुन्या मालकाला विक्रीची खबर देणारं पत्र पाठवायचं आणि संशय आला तर शेरिफला कळवायचं. वेंडेलना पत्र गेलं, पण त्यांच्या घरचं टपाल रॉयसच काढून घेत होता. तो कागद नंतर नोंदणी कचेरीतल्या लोरेटाबाईंच्या नजरेला पडला.

"या बाईंच्या अंत्यविधीला मी मार्चमध्ये गेले होते. जूनमध्ये त्यांनी शिक्का कसा मारला?" त्यांनी लगेच शेरिफला फोन लावला.

घर वाचलं. पण तोवर नव्या मालकाने ते रिकामं केलं होतं. तळघरात वेंडेलच्या दिवंगत बायकोने पाकात भरून ठेवलेल्या पीच फळांच्या सात बरण्या होत्या. तिच्या हाताच्या शेवटच्या. त्या कचऱ्यात गेल्या. वेंडेल घर परत मिळाल्याचं ऐकून एवढंच म्हणाले, "आणि बरण्या?" त्या घरात ते परत राहायला गेले नाहीत.

कोर्टात माझा ठसा सगळ्यांना दाखवला. वेंडेलनी त्या उठलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. रॉयस खाली मान घालून बसला होता.

"यात व्हर्नेलचा काही दोष नाही," वेंडेल न्यायाधीशांना म्हणाले. "एवढं कुठेतरी लिहून ठेवा."

माझं एकच मागणं आहे. माझ्यासारख्याचा धनी गेला, की त्याच दिवशी आम्हाला हातोड्याने ठेचून टाका. आम्हाला फक्त हात कळतो, माणूस कळत नाही.